एक वांगे झाडावर राहू द्या

घरापुढे झाड लावायचे म्हटले की आपल्याला गुलाब आठवतो, जास्वंद आठवते, मोगरा तर आठवतोच. वांगे कुणालाही आठवत नाही. ते बिचारे बाजाराच्या पिशवीतले. पण विलायतेत हेच झाड एके काळी शोभेसाठी लावत. पांढऱ्या, कोंबडीच्या अंड्याएवढ्या वांग्यांनी लगडलेले झाड पाहून तिथल्या लोकांनी त्याला ‘एगप्लांट’, म्हणजे अंड्यांचे झाड, हे नाव दिले. इंग्रजीतला दुसरा शब्द ‘ब्रिंजल’. तो मुळात आपलाच आहे. संस्कृतातला ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाला, अरबीत ‘बादिंजान’ झाला, पोर्तुगीजांच्या तोंडी ‘बेरिंजेला’ झाला आणि त्यांच्याच गलबतातून ‘ब्रिंजल’ होऊन माघारी आला. सासरी गेलेली लेक नाव बदलून माहेरी यावी, तसा.

अंगणात किंवा गच्चीवर लावायला कोणते वांगे निवडावे? पांढरे अंडवांगे आहे, हिरव्यावर पांढऱ्या रेघांचे आहे, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचे आहे, झुपक्याने लागणारे लहान जांभळे आहे. जांभळा रंग सालीतल्या रंगद्रव्याचा, हिरवा पानांतल्या हरितद्रव्याचा. दोन्ही नसले की वांगे पांढरे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रोपवाटिकेत ‘शोभेचे’ म्हणून मिळणारे प्रत्येक फळ खाण्याचे नसते. बांधावरच्या काटेरिंगणीची पिवळी फळेही दिसायला गोजिरवाणी, पण ती पानात वाढायची नव्हेत. जात नक्की माहीत असेल तरच फळ चुलीपर्यंत न्यावे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मृगाचा पाऊस झाला की बी टाकावे. पसरट कुंडी किंवा फुटका माठ घ्या. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा फार खोल नको. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. मुंग्या बी पळवतात, म्हणून कडेने राख टाकावी. महिना-सव्वा महिन्यात रोप वीतभर होते, चार-पाच पाने येतात; मग एका मोठ्या कुंडीत एकच रोप लावावे. ज्या मातीत टोमॅटो, मिरची किंवा बटाटा होता ती माती टाळावी, कारण ही सगळी एकाच कुळातली भावंडे आणि त्यांचे रोगही सामाईक. पाण्याची ओढ असलेला आपला मुलूख. भाज्या धुतलेले पाणी झाडाला घाला आणि बुडाशी सोयाबीनचा भुसा पसरा, ओल टिकते.

वांग्याचे फूल खाली मान घालून उमलते. त्याचे पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रांतूनच बाहेर पडतात. काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणतो, त्या थरथरीने पराग झडतात. गच्चीवर भुंगा येत नसेल तर सकाळी फुलाला बोटाने हलकी टिचकी मारावी. शेंडा मलूल होऊन लोंबला तर आत अळी आहे असे समजा. तो शेंडा अळीसकट खुडून नष्ट करा. पाने बारीक होऊन झुपका झाला तर तो बोकड्या रोग. ते झाड उपटलेलेच बरे.

आता मुख्य गोष्ट. खायचे वांगे कोवळे हवे. साल तकतकीत असावी आणि अंगठ्याने दाबले की खळगा पुन्हा भरून यावा. अशी चार वांगी देठासकट चिरून भरली वांगी करा किंवा बघारे बैंगन करा. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादची ही चव इकडच्या घरांना परकी नाही. दोन्ही पदार्थांत शेंगदाणे, तीळ, खोबरे तेच. एकात काळा मसाला पुढे होतो, दुसऱ्यात चिंचेचा कोळ.

पण सगळीच वांगी खुडली तर पुढच्या वर्षी लावणार काय? कोवळ्या वांग्यातले बी कच्चे असते, ते उगवत नाही. बियाण्याचे वांगे झाडावरच पिकू द्यावे लागते. पांढरे वांगे हळदीसारखे पिवळे होते, हिरवेही पिवळे पडते, जांभळे तांबूस-पिवळे होते. फूल लागल्यापासून हे व्हायला साधारण दोन महिने लागतात. चवीने ते निकामी, कडवट. पण शोभेला तेव्हाच खरी बहार येते. म्हणजे पाहायचे वांगे आणि बियाण्याचे वांगे एकच! पुष्कळ घरांत चातुर्मासात वांगे खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग खातात. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचा हा आपला मुलूख. त्या घरांत तर झाडावर वांगी पिकू द्यायला वेळच वेळ.

दोन रंगांची झाडे जवळ असतील तर भुंगा पराग इकडचे तिकडे करतो आणि पुढच्या पिढीत सरमिसळ होते. म्हणून उमलण्याआधीच कळीवर मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरले की ती काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. पिकलेले वांगे चिरून गर पाण्यात चोळावा. तळाला बसते ते भरीव बी. ते सावलीत वाळवून, कोरड्या बाटलीत, घट्ट झाकणाखाली ठेवावे. तीन-चार वर्षे उगवते. पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेले असेल तर त्या वाणाचे बी धरून उपयोग नाही, त्याची पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. देशी, सरळ वाणच घ्यावा.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क दिला आहे. पण हक्क कागदावर टिकतो, वाण मातीत टिकतो. एखाद्या गावातली रेघांची वांगी सलग काही वर्षे कुणी पेरलीच नाहीत, तर बाटलीतले बी मरते आणि तो वाण कोणत्याही दुकानात मिळत नाही. पिकल्या वांग्यात शेकडो बिया असतात. आपल्याला दहा पुरतात. बाकीच्या कागदाच्या पुडीत बांधा, वर रंग आणि साल लिहा, आणि शेजाऱ्याला द्या. आपले झाड वाळले तरी त्याच्या अंगणात वाण जिवंत राहील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)