खिडक्या उघडेनाशा होतात तेव्हा

जबलपूरच्या सदर भागातील एखाद्या वाचनालयात लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक आहे, अशी कल्पना करा. सकाळपासून तो सुरळीत चालला आहे. दुपारी मात्र नवी खिडकी उघडेनाशी होते आणि ग्राहकांची कमाल संख्या पूर्ण झाल्याची सूचना मिळते. पडद्यावर तर चारच खिडक्या आहेत. मग हे ग्राहक कोणते?

पडद्यावर चित्र काढणे व कळफलकाचे संदेश पोचविणे ही कामे अशा अनेक यंत्रांवर ‘एक्स’ नावाचा सर्व्हर करतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली त्याचा जन्म झाला. त्याची अकरावी आवृत्ती १९८७ साली निघाली. त्याच्याकडून काम करवून घेणारा प्रत्येक कार्यक्रम हा त्याचा ग्राहक होय. ग्राहकांच्या जागा सामान्यतः २५६ असतात. त्यांतील एक खुद्द सर्व्हरची. शिवाय प्रत्येक जोडणी ही लिनक्सच्या लेखी एक उघडी फाईल असते, आणि तिचीही प्रत्येक कार्यक्रमास वेगळी मर्यादा असते. ती पुष्कळदा १०२४ असते. म्हणून केवळ फाईलींची मर्यादा वाढविल्याने ग्राहकांच्या जागा वाढत नाहीत.

ही मर्यादा का असावी? खिडक्या, चित्रे इत्यादींना द्यावयाचे क्रमांक २९ द्विमान अंकांत बसवावे लागतात. त्यांतील ८ अंक ग्राहक ओळखण्यात खर्ची पडतात. उरलेल्या २१ अंकांतून प्रत्येकास २०,९७,१५२ क्रमांक मिळतात. ग्राहक ५१२ केले, तर हा वाटा निम्मा होतो.

दोष शोधताना एक अडचण येते. ग्राहकांची यादी देणारे ‘एक्सएलएसक्लायंट्स’ हे साधन स्वतःच ग्राहक असल्यामुळे त्यालाही जागा मिळत नाही. अशा वेळी कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबून बहुधा केवळ अक्षरांचा पडदा मिळतो. तेथे ‘एलएसओएफ’ किंवा ‘एसएस’ या आज्ञांनी कोणत्या कार्यक्रमाने किती जोडण्या धरून ठेवल्या आहेत, हे पाहता येते. बहुधा एकच कार्यक्रम जोडण्या उघडीत जातो, पण बंद करीत नाही. तेवढाच थांबविला की त्याच्या जागा मोकळ्या होतात आणि इतरांचे न साठविलेले काम वाचते. सर्व्हरच बंद केल्यास मात्र ते सारे नष्ट होते.

मर्यादा वाढविणे हा उपाय खऱ्या गरजेपुरताच योग्य. गळक्या हौदाचा आकार वाढविल्याने गळती थांबत नाही. ती उशिरा ध्यानात येते, इतकेच.