झड : वऱ्हाडातला मुक्कामी पाऊस

अमरावती-अकोल्याकडे ‘झड लागली’ म्हटलं की समजायचं, आता दोन-चार दिवस सूर्यदर्शन नाही. थेंब बारीक, जोर कमी, पण थांबायचं नाव नाही! इतर ठिकाणी मात्र ‘खिडकीतून झड येते’ म्हणतात. तिथे झड म्हणजे वाऱ्यासोबत तिरपे आत येणारे तुषार.

हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस. झड मात्र ओळखायची तिच्या मुक्कामावरून.

काळी जमीन झडीचं पाणी सावकाश पिते. त्यामुळे पावसाच्या मोठ्या खंडानंतरची झड पऱ्हाटीला (म्हणजे कपाशीला) आणि तुरीला जीवदान देते, आणि धो-धो पावसासारखी मातीही वाहून नेत नाही. पण झड लांबली की वाफसा (मशागतीजोगा ओलावा) येत नाही, डवरणी (कोळपणी) अडते, निंदण थांबतं, तण माजतं. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात तर चिकण मातीत पाणी लवकर मुरत नाही. मुळं गुदमरतात आणि कपाशी पिवळी पडते. मग सगळे उघाडीची वाट पाहतात.

तुमच्या गावात बारीक पावसाला काय म्हणतात? नक्की लिहा. हे शब्द टिकले पाहिजेत.