डब्याची मागची बाजू वाचा

घरात जोरकस टर्बो इंजिनची गाडी आली की ऑइलबद्दलचे सल्ले न मागता यायला लागतात. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाक.’ ‘फुल सिंथेटिक घेतलंस ना, मग झालं.’ ‘बाहेर ऑइल बदललंस तर वॉरंटी गेली समज.’ सांगणारे मनापासून सांगतात, बरेचजण वर्षानुवर्षं गाड्या खोलत आलेले असतात. पण ज्या इंजिनांवर त्यांचा हात बसला त्यांत आणि आजच्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत फार अंतर पडलं आहे. आणि वॉरंटीचा निकाल तर इंजिन उघडण्याआधी कागदांवर लागतो. मॅन्युअलमध्ये कोणती मंजुरी छापली आहे, डब्यावर ती आहे का, आणि बिलावर ती उतरली का, या तीन गोष्टी जुळल्या की ब्रँड आणि किंमत यांना फारसं महत्त्व उरत नाही.

‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड ऑइल’

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज, आणि तो पूर्ण चुकीचाही नाही, म्हणूनच चिवट आहे.

इंजिन एकदा तापलं की आतलं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर नागपूरचा मे महिना असो की म्युनिकचा ऑक्टोबर, रोजच्या चालवण्यात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास राहतं. बाहेरच्या तापमानातल्या फरकाचा फार थोडा भाग बेअरिंगपर्यंत पोचतो. ऑइल खरंच तापतं ते सलग वेगाने, पूर्ण ताकद काढत गाडी पळवली तर. ट्रॅकवर ते १३० अंशांच्या वर सहज जातं.

ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या तक्त्यात २० ग्रेडचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० चा ९.३ ते १२.५, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९. म्हणजे ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर आत फिरणारं ऑइल जवळजवळ पावणेदोन पट दाट होतं. आजच्या इंजिनात ऑइल फक्त वंगणाचं काम करत नाही. व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा त्याच्या दाबावर चालते, टायमिंग चेनचा टेन्शनर त्यावर ताणला जातो, टर्बोचा दांडा त्याच्या पातळ थरावर तरंगतो. त्या बारीक वाटा ठरावीक दाटपणा धरून आखलेल्या असतात. सकाळी गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज तिथेच होते.

यात खरं आहे ते एवढंच, की पातळ ग्रेड आल्या त्यामागे इंधन वाचवण्याचे आणि धुराचे नियम हे मोठं कारण होतं. तेच इंजिन एका देशात ०डब्ल्यू-२० वर तर दुसऱ्या देशात त्याहून दाट ऑइलवर चालताना दिसतं. पण हा बदल कोण करतं ते महत्त्वाचं. शेव्हरोलेने सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटच्या मॅन्युअलमध्ये रस्त्यासाठी ५डब्ल्यू-३० आणि ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० असं स्वतःच लिहून दिलं होतं, ट्रॅकहून आल्यावर पुन्हा पहिलं ऑइल भरायच्या सूचनेसह. २०२५ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत ६.२ लिटर व्ही-८ च्या सुमारे सहा लाख गाड्या क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या दोषासाठी परत बोलावल्या. तपासणीत ज्या इंजिनांत दोष सापडला नाही, त्यांत ०डब्ल्यू-२० काढून ०डब्ल्यू-४० भरलं, ऑइलचं झाकण बदललं आणि मॅन्युअलला दुरुस्तीचं पान जोडलं. हे पानच वॉरंटीच्या दृष्टीने मोलाचं. गॅरेजवाल्याच्या अंदाजाला असं पान नसतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिल्या असतील तर घाटातून, भर उन्हात, जोरात चालवणाऱ्याने त्यातली दाट ग्रेड बेशक घ्यावी. तक्त्याच्या बाहेर मात्र स्वतःच्या हिमतीवर जाऊ नये. पातळ ऑइल म्हणजे नाजूक गाडी, हेही मनातून काढावं. तीनशे अश्वशक्तीच्या वर ताकद असलेली आजची होंडा सिव्हिक टाइप आर ०डब्ल्यू-२० वर चालते.

‘ग्रेड जुळली की ऑइल जुळलं’

इथे भलेभले फसतात. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे शेजारी ठेवा. एकाच्या मागे एसीईए या युरोपीय मानकाचा ए५/बी५ वर्ग आहे, दुसऱ्याच्या मागे सी३. ग्रेड तीच, ऑइल वेगळं. १५० अंश तापमानाला, जोरदार घासाखाली ऑइलचा थर किती टिकतो याची एक चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. बेअरिंगमधल्या परिस्थितीच्या ती सगळ्यात जवळ जाते. सी३ ला यात किमान ३.५ लागतात, ए५/बी५ ला २.९ ते ३.५ चालतात. सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, कारण पुढे एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये ती साचते. ए५/बी५ वर ते बंधन नाही. एकात ऑइलचा थर जपण्यावर भर आहे, दुसऱ्यात मायलेजवर.

त्यावर गाडी बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या मंजुऱ्या असतात: फोक्सवॅगनची ५०४ ००, मर्सिडीजची २२९.५, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०१, पोर्शेची ए४०. या नुसत्या शिफारशी नाहीत. ऑइल कंपनी आपलं नेमकं मिश्रण चाचण्यांमधून नेते आणि मग गाडीची कंपनी लेखी मंजुरी देते. फोक्सवॅगनच्याच ५०४ ०० मध्ये एचटीएचएस ३.५ च्या वर, तर ५०८ ०० मध्ये २.६ ते २.९. एकाच कंपनीच्या दोन मंजुऱ्यांत इतकं अंतर आहे.

आता डबा उलटा करा. मागच्या लेबलवर सहसा दोन वेगळे रकाने दिसतील. एकावर ‘अप्रूव्हल्स’ किंवा मर्सिडीजच्या बाबतीत ‘एमबी-अप्रूव्हल’ असं लिहून पुढे आकडा असतो. दुसऱ्यावर ‘मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ’, ‘सूटेबल फॉर’, ‘लेव्हल’ अशी शब्दरचना असते. पहिल्या रकान्यातलं ऑइल गाडीच्या कंपनीने तपासून मान्य केलं आहे. दुसऱ्यातला दावा ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा आहे. तो खोटा असतोच असं नाही, पण क्लेम अडला तर गाडीची कंपनी त्याला बांधील नाही. वॉरंटी चालू असताना फक्त पहिल्या रकान्यावर विश्वास ठेवावा, असं मी आग्रहाने सांगतो.

‘फुल सिंथेटिक म्हणजे सगळं आलं’

डब्यावरचा हा शब्द बहुतेक देशांत फार सैल आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली की कॅस्ट्रॉल खनिज तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याला सिंथेटिक म्हणतं. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला, आणि तेव्हापासून असं तेलही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. जर्मनीत ‘व्होलझिंथेटिश’ या शब्दावर जास्त कडक बंधन आहे. प्रक्रिया केलेलं ते तेल वाईट नाही, आजची कित्येक मंजूर ऑइल त्याचीच बनतात. पण त्या शब्दावर वॉरंटी टिकत नाही.

‘एपीआय एसएन आहे, भरपूर झालं’

एसएन हा एपीआय या अमेरिकी मानकाचा जुना वर्ग, आणि छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांचा एक विशिष्ट आजार त्यात धरलेला नाही. पाचव्या गिअरमध्ये, १५०० च्या आसपास आरपीएमला, खंबाटकी घाट चढताना कोणी पाय पूर्ण दाबतो. अशा वेळी पिस्टनच्या रिंगजवळ साठलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो. दाब एकदम इतका वाढतो की पिस्टनची रिंग बसते ती कड तुटते. याला एलएसपीआय म्हणतात. ऑइलमधलं कॅल्शियम हा प्रकार वाढवतं आणि मॅग्नेशियम तसं करत नाही, असं दिसल्यावर २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आलं. मग मे २०२० मध्ये एसपी आलं, ज्यात या आजाराची आणि टायमिंग चेनच्या झिजेची अशा दोन्ही चाचण्या आहेत. २०२५ पासून एसक्यू हाही वर्ग सुरू झाला. टर्बो गाडीत नुसतं एसएन लिहिलेला जुना डबा, स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये. आणि घाटात एक गिअर खाली घ्यावा, ते ऑइलपेक्षाही जास्त उपयोगी पडेल.

रंग, रेसिंग ऑइल आणि बाटलीतली जादू

ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, असं नाही. आतली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून जात ओळखायला जाऊ नये. फोक्सवॅगनच्या ५०८ ०० मंजुरीचं ऑइल मुद्दाम हिरवं रंगवलेलं असतं, ते पाहून कोणी भेसळीचा संशय घेतला तर चूक होईल. रेसिंगसाठीच्या ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस जास्त असतात, आणि बऱ्याचदा साफ करणारी रसायनं कमी. ते काही शर्यतींनंतर ओतून द्यायचं ऑइल आहे. वर्षभर गाडीत ठेवलं तर मळ साचतो आणि फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नुकसान करतो. ‘इंजिन ट्रीटमेंट’च्या बाटल्यांबद्दल बहुतेक मॅन्युअलमध्ये स्पष्ट मनाई आहे, तेवढं पुरे.

‘बाहेर बदललं की वॉरंटी गेली’

२५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल तो होता. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती रद्द करावी. कंपन्या याविरुद्ध अपिलात गेल्या. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा याच अंगाने जातो.

तत्त्व ग्राहकाच्या बाजूचं आहे, तरी महागड्या टर्बो गाडीला वॉरंटीच्या काळात अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडू नये असं मला वाटतं, कारण भांडण जिंकायलाही वर्षं जातात. मात्र तिथे डोळे मिटून बसू नये. बऱ्याच ठिकाणी ऑइल बॅरलमधून भरतात. कोणत्या मंजुरीचं आहे ते विचारा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल ५ लिटर’ असेल तर ब्रँड, ग्रेड आणि मंजुरी टाकून बिल पुन्हा मागा. स्वतःचं ऑइल घेऊन गेलात तर डब्यावरचा बॅच नंबरही नोंदवून घ्या आणि दोन्ही लेबलांचे फोटो ठेवा.

‘१५,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’ यातलं ‘जे आधी होईल ते’ फार जणांना नडतं. वर्षात ४,००० किमी फिरणारी वीकेंडची गाडी ऑइल न बदलता दुसऱ्या वर्षात गेली की नोंदीत खंड पडला. ठरल्यापेक्षा लवकर बदलण्याला कोणाची हरकत नसते. छोट्या फेऱ्यांत ऑइल नीट तापत नाही, पेट्रोल त्यात उतरत राहतं, तेव्हा अशा गाडीला लवकर बदल चांगलाच. मध्ये ऑइल कमी झालं आणि नेमकं मिळालं नाही तर कित्येक मॅन्युअल एकदा अर्धा लिटर पर्यायी ऑइल टाकू देतात. मॅन्युअलमध्ये पर्याय कोणता दिला आहे तेही वाचा. आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे भरू नका.

एक गोष्ट ऑइलमागे लपते. रीमॅप केलेल्या गाडीचा इंजिनचा क्लेम नामंजूर झाला की दोष ऑइलवर ढकलला जातो. फोक्सवॅगन समूहाच्या प्रणालीत सॉफ्टवेअर बदललेल्या गाडीवर टीडी१ ही खूण पडते. ती पडली की कितीही मंजूर ऑइल घातलेलं असलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी मिळणं कठीण. ट्रॅकवर नेणाऱ्यांनी वॉरंटी पुस्तिकेतलं शर्यतीबद्दलचं कलम आधी वाचावं.

रिकामा डबा भंगारात देण्याआधी फोडून टाका. नावाजलेल्या ब्रँडचे चांगले डबे भंगारातून पुन्हा भरले जातात, आणि असं नकली ऑइल बिल असूनही इंजिनाची वाट लावतं. त्यामुळे रस्त्याकडेच्या दुकानातली मोठी सूट टाळा.

क्लेम नाकारला तर तोंडी उत्तरावर थांबू नका. कारण लेखी मागा. ‘चुकीचं ऑइल’ असं म्हणणं असेल तर ऑइलचा नमुना कोणी, कधी काढला आणि कोणत्या प्रयोगशाळेत तपासला ते विचारा, आणि इंजिन उघडण्याआधी तुमच्या समोर दुसरा नमुना सीलबंद करून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढे आयोगात जायचं तर कुठे जायचं ते गाडीसाठी दिलेल्या किमतीवर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीच्या मालकाला जिल्ह्यातच दाद मागता येईल, तर २०२५ मध्ये सुमारे ५३ लाखांना भारतात आलेल्या गोल्फ जीटीआयच्या मालकाला राज्य आयोगाकडे जावं लागेल. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत दोघांनाही सारखीच आहे.