उसाचे टॉनिक आणि माणसाचे चूर्ण



या पानावर मी दरवेळी बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण तोही आपल्याच शिवारातला आहे. विषय आहे मधुमेहाचा, म्हणजे आपण ज्याला ‘शुगर’ म्हणतो तिचा, आणि ‘शुगर मुळापासून घालवतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्या-बाटल्यांचा.

मी डॉक्टर नाही. शेतकीची पदविका घेतलेला माणूस. तरी लिहितो, त्याला कारण घडले आहे.

गेल्या उन्हाळ्यात ऊसनोंदीसाठी एका सभासदाच्या घरी गेलो होतो. ओसरीवर बसलो असता समोरच्या फळीवर हिरव्या झाकणाचे तीन डबे दिसले. मी सहज विचारले, “काका, हे काय घेता?”

“शुगरचं चूर्ण हाये, साहेब. समाजमंदिरात क्यांप लागला होता. फुकटात तपासली, मग तीन महिन्यांचा कोर्स घेतला. दवाखान्याची गोळी आता बंदच केली जी.”

मी ‘बरं’ म्हटले, नोंद लिहिली, चहा घेतला आणि गाडीला किक मारली. आपले खाते उसाचे, दुसऱ्याच्या औषधपाण्यात आपण कशाला पडा, असा विचार केला.

पावसाळ्यात खोडव्यात फिरताना काकांच्या पायात उसाचा खुंट घुसला. शुगर फार दिवस वाढलेली राहिली की पायाची जाणीव बोथट होते. त्यात चिखलातले काम. जखम झाल्याचे त्यांना दोन दिवस कळलेच नाही. कळले तेव्हा बोट काळे पडले होते. शेवटी दोन बोटे काढावी लागली. डब्यावरच्या नंबरावर मुलाने फोन लावला तर तो बंद! त्या दिवसापासून माझे ते ‘बरं’ मला टोचते आहे. म्हणून हा लेख.

श्रेय कोणाचे?

आपल्याकडे उसाच्या टॉनिकचे एजंट येतात, ते आठवा. एजंट म्हणतो, “ही बाटली फवारा, एकरी दहा टन वाढ.” सोबत हळूच सांगतो, “एक पाणी जास्त द्या, युरियाचे पोते टाका, तण काढा.” ऊस फोफावतो. श्रेय मात्र बाटलीला! म्हणूनच मी नेहमी सांगतो की शेजारी चार सऱ्या बिनटॉनिकच्या ठेवा, पाणी-खत सारखेच द्या आणि तोडणीला वजन करून बघा. अशा मालाचा सुळसुळाट झाला म्हणूनच २०२१ साली केंद्र सरकारला जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आणावी लागली.

चूर्णाचीही तीच गोष्ट. डब्यासोबत पथ्याचा कागद असतो. भात अर्धा करा, चहातली साखर सोडा, रोज तासभर चाला. हे पथ्य तीन महिने पाळले तर शुगर थोडीफार उतरणारच! ती भात कमी केल्याने उतरली की चूर्णाने, हे पाहायला बिनचूर्णाच्या चार सऱ्या कोणी ठेवल्या?

क्यांपातही एक मेख असते. पहिली तपासणी भरल्या पोटी करतात, आकडा मोठा दिसतो, माणूस घाबरतो. दुसरी करतात उपाशीपोटी, आकडा लहान दिसतो, माणूस खूश होतो. औषधाचा एक कणही पोटात न जाता हा फरक पडू शकतो. खरा हिशेब पाहायचा तर एचबीएवनसी नावाची रक्ततपासणी आहे. तीत मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते. एका मोळीतल्या रसाचा उतारा आणि हंगामाचा सरासरी उतारा यांत जो फरक, तोच इथे आहे.

कायदा काय म्हणतो?

‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ सालचा आहे. ज्या रोगांवर उपचाराची जाहिरात करायला मनाई आहे त्यांची यादी त्याला जोडलेली आहे आणि तीत मधुमेहाचे नाव आहे. औषध कोणत्याही पद्धतीचे असो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद.

म्हणून हुशार विक्रेते आपला माल ‘औषध’ न म्हणता ‘पूरक आहार’ म्हणून विकतात. त्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर असतो. आपल्याला वाटते, सरकारने पास केले! पण तो परवाना खाद्यपदार्थाचा आहे, रोग बरा करण्याचा नाही. उलट अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. ते बहुधा बारीक इंग्रजीत असते. काकांच्या डब्यावरही होते. घरात शिकलेली पोरे आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या.

मोठ्या कंपन्यांनाही हे सुटलेले नाही. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ताकीद दिली की रोग पूर्ण बरा होतो असा खोटा दावा केल्यास प्रत्येक उत्पादनामागे एक कोटी रुपये दंड लावण्याचा विचार करू. तरी पुढच्याच महिन्यात रक्तदाब, मधुमेह वगैरेंपासून कायमची सुटका सांगणारी जाहिरात निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेअदबीची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी चौदा उत्पादनांचे परवाने निलंबित केले. त्यांत मधुमेहासाठी विकली जाणारीही होती. मे महिन्यात राज्य सरकारने त्या आदेशाला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने माफी स्वीकारून बेअदबीचे प्रकरण मिटवले. दावा करणारा कितीही नामांकित असो, ‘कायमची सुटका’ हा शब्द आला की सावध व्हावे, एवढा धडा आपण घ्यावा.

मग झाडपाला सगळा खोटा का?

तसे मी म्हणत नाही. आपण जंगलाच्या कुशीतले लोक. बिजा लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिणारे किती तरी जण आपल्यात आहेत. बिजा म्हणजेच विजयसार. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच्या अर्काचा अभ्यास करून १९९८ साली तो प्रसिद्ध केला आणि काहींची साखर उतरल्याचे आढळले. पण ते रुग्ण नव्याने निदान झालेले व सौम्य आजाराचे होते, मात्रा ठरवून दिलेली होती आणि डॉक्टरांची देखरेख होती. यात्रेत घेतलेल्या पेल्याला यातले काहीच लागू नाही. दवाखान्यात मिळणारी मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा मुळात एका वनस्पतीतल्या द्रव्यावरूनच निघाली. फरक इतकाच की तिची मात्रा, गुण आणि दोष मोजून झालेले आहेत.

दुसरा धोका याहून मोठा आहे. काही ‘शुद्ध आयुर्वेदिक’ डब्यांत चोरून इंग्रजी गोळीच कुटून घातलेली असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली पंधरा कंपन्यांना मधुमेहाच्या अशा मालाबद्दल इशारे दिले. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या एका मालात चक्क मेटफॉर्मिन सापडले. काही गोळ्या अशा असतात की त्या नकळत दुहेरी पोटात गेल्या तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा आणि दवाखाना गाठावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तातडीने उचलून न्यावे.

सभासदांनी काय करावे?

१) डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नये. पैसे बुडाले तर पुढच्या ऊसबिलात भरून निघतील, पाय निघणार नाही.

२) वैद्यांचे औषध घ्यायचे तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावे आणि ते डॉक्टरांना सांगावे. लपवू नये.

३) गावात क्यांप लागला तर आधी पक्के बिल मागावे. बिल नाही म्हणाला की त्याला शिवेबाहेरची वाट दाखवावी.

४) शुगर असणाऱ्यांनी उसात वा बांधीत अनवाणी उतरू नये. रोज रात्री दिव्याखाली तळपाय बघावेत.

५) प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व गोळ्या मोफत आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत.

६) फसवणूक झाली तर लाजू नये. डबा फेकू नये, तोच पुरावा आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. एवढी गिऱ्हाइके असताना विकणारा येतच राहणार, आणि बिल जमा होण्याच्या दिवसांत तर नक्कीच येणार.

काका आता काठी घेऊन धुऱ्यावर येतात. गोळी नियमित घेतात. परवा मला म्हणाले, “साहेब, त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलले असते, तं मी आयकलं असतं जी.”

म्हणून यापुढे ऊसनोंदीला आलो आणि फळीवर डबा दिसला, तर मी विचारणार आहे. सभासदांनी राग मानू नये.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी