परदेशी वास्तव्य : प्रांत कोणता निवडावा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. हट्टा (जि. हिंगोली) येथील एखाद्या परिचारिकेलाही आता तिकडची वाट विचारात घेता येते. मात्र त्या देशात नेमके राहावे कोठे?

या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. तेथे मोटारींचे कारखाने, मोठी रुग्णालये व कामाची विपुलता आहे. पण घरभाडे फार. लहान गावी भाडे उतरते, परंतु वृद्ध रुग्ण श्वाबिश बोली बोलतात. वर्गात शिकलेली प्रमाण जर्मन तेथे अपुरी पडते. आपली मराठवाडी बोली ऐकून पुणेकर गोंधळतो, तसेच हे! पूर्वेकडील झाक्सन प्रांतात राहणे त्यामानाने स्वस्त. तथापि तेथे कॅथोलिक अत्यल्प असल्याने रविवारच्या मिस्सासाठी दूर जावे लागू शकते.

आणखी एक बाब आपल्या भाविकांना सहसा ठाऊक नसते. तेथे निवासनोंदणी करताना धर्म विचारतात. ‘कॅथोलिक’ असे लिहिल्यास वेतनातून चर्च-कर कापला जातो. बाडेन-वुर्टेमबर्ग व बायर्न येथे तो आयकराच्या ८ टक्के, इतरत्र ९ टक्के असतो. पैसे वाचविण्यासाठी श्रद्धा लपवावी, असे आम्ही मुळीच सुचविणार नाही. परंतु निघण्यापूर्वीच ही वजावट घरभाड्याशेजारी मांडून हिशेब करावा.