संस्थेची रीत आणि माणसांचे काम

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील गाव आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. एक भाऊ शेतीवर व दुसरा कारखान्याच्या पाळीवर, अशी कुटुंबे या पट्ट्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. कामास जाणारा तरुण प्रथम पगार किती हे विचारतो आणि ते रास्तच आहे. परंतु आणखी एक गोष्ट त्याने विचारावयास हवी : तेथे चूक कबूल करणाऱ्याचे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्यांना परिचित असलेल्या एका अवजाराच्या इतिहासात सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा लोकांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे नांगर खपू लागले, तो फाळ मऊ असल्याची तक्रार आली. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकास दोष दिला नाही. फाळ अधिक टणक करण्याच्या खटपटीस ते लागले. मालकच तक्रार ऐकून घेतो हे दिसल्यावर भट्टीजवळच्या माणसासही दोष दडवून ठेवण्याचे कारण उरत नाही. तो दडवला गेला, तर त्याचा भुर्दंड ऐन नांगरटीच्या दिवसांत कोणा शेतकऱ्यावर पडतो.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळ जागा दिली आणि 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. जमीन निवडुंगाने भरलेली व सापांची होती. या वसाहतीत शिवाशीव पाळावयाची नाही असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या दोघांवर तर रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविण्यात आले! विश्वास टाकला की माणूस त्यास जागतो, अशी लक्ष्मणरावांची धारणा होती. अर्थात मालकाच्या सज्जनपणावरच उभी असलेली रीत मालक बदलताच ढासळण्याचा संभव असतो. म्हणून ती नेमाने पाळली जाणे व नव्या माणसास पहिल्या दिवसापासून दिसणे अगत्याचे आहे.

हा विचार केवळ कारखान्यापुरता नाही. गावची दूध संस्था घ्या. नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळले नाही, तर साय वर राहते व फॅटचा आकडा चुकतो. संकलन करणाऱ्या मुलाने अशी चूक आपण होऊन सांगितली आणि अध्यक्षांनी ती रक्कम त्याच्या पगारातून कापली, तर पुढच्या वेळी तो काय करील? तो गप्प बसेल, किंवा दुसऱ्या सभासदाच्या मापातून तूट भरून काढील. सभासदाच्या हे ध्यानात येण्यास वेळ लागत नाही. तो दूध खाजगी गवळ्यास घालू लागतो. संस्थेचे संकलन घटते, आणि दोष मात्र वैरणीच्या महागाईस दिला जातो.

याउलट नमुना सभासदासमक्ष घेतला, आकडा त्याच वेळी पावतीवर लिहिला, शंका आल्यास पुन्हा तपासला आणि अध्यक्षांच्या दुधासही तोच नियम लावला, तर त्या मुलाच्या हातून काम आपोआप चोख होऊ लागते. यातील शेवटची बाब सर्वांत अवघड, व मुलाचे लक्षही नेमके तिच्यावरच असते.

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. ग्रामकार्यकर्त्यांनी त्यापूर्वी एखाद्या सकाळी संकलन केंद्रावर उभे राहावे. दूध ढवळले जाते की नाही, पावती केव्हा मिळते व फेरतपासणी मागणाऱ्यास कोणते उत्तर मिळते हे टिपून घ्यावे आणि ते टिपण सभेपुढे वाचण्यास द्यावे. टिपणात त्या मुलाचे नाव मात्र घालू नये.