चैत्रातलं पठार ओसाड नसतं: सरडे, पाली आणि बेडूक बघायचा एक दिवस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

सप्टेंबर आला की साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला झुंबड उडते. मार्च-एप्रिलमध्ये मात्र तिकडे कुणी फिरकत नाही. गवत वाळलेलं, जांभा तापलेला. ‘तिथे काय आहे आता बघायला?’ असं कुणीही विचारेल. तर उत्तर आहे, सरडे! आणि नुसते सरडे नाहीत, नाचणारे सरडे.

आपण उदाहरण घेऊ साताऱ्याच्याच चाळकेवाडी पठाराचं. ठोसेघरचा धबधबा मागे टाकून वर गेलं की हे पवनचक्क्यांचं पठार लागतं. इथे एक सरडा राहतो, त्याचं शास्त्रीय नाव ‘सरडा सुपर्बा’. हो, बरोबर वाचलंत. २०१६ साली संशोधकांनी या सरड्यांसाठी नवी प्रजाती ठरवली आणि तिला आपला मराठी शब्दच नाव म्हणून दिला. नराच्या गळ्याखाली घडी घातलेला कातडीचा पंखा असतो. निळा, काळा आणि नारिंगी. मार्च ते मे हा त्यांचा विणीचा हंगाम. नर एखाद्या उंचशा दगडावर चढतो, मान ताठ करतो आणि पंखा फटाफट उघडझाप करतो. मादीला दाखवायला आणि शेजारच्या नराला ‘ही जागा माझी’ असं बजावायला. मादी मातकट रंगाची, तिला असा पंखा नसतो. ती समोर असूनही पटकन दिसत नाही.

आता वेळेचं गणित. सरडे, साप, पाली यांचं शरीर आतून ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून सकाळी ऊन चढायला लागलं की ते दगडावर येऊन अंग शेकतात. भर दुपारी कातळ इतका तापतो की तेच दगडाच्या फटीत किंवा झुडपाच्या सावलीला जातात. तेव्हा आपण सकाळी आठ ते साडेदहा हिंडायचं, दुपारी सावली धरून डबा खायचा, आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडायचं. बारा वाजता पोचून ‘काहीच दिसलं नाही’ म्हणणाऱ्यांत आपण नको!

बेडकांचं उलटं. त्यांची कातडी पातळ आणि ओलसर, त्या कातडीतूनही ते श्वास घेतात. कोरड्या उन्हात ती वाळली तर संपलंच. म्हणून बरेचसे बेडूक या दिवसांत मातीत किंवा फटीत दडून पावसाची वाट बघतात. तरी एखाद्या तळ्यात, ओढ्याच्या डोहात पाणी उरलं असेल तर काठाशी गुपचूप बसा. पाण्याबाहेर नुसते दोन डोळे दिसतील. जवळ गेलात की तो पाण्याच्या पृष्ठभागावरूनच टणाटण उड्या मारत पळेल. त्याला हात लावू नका. आपल्या हाताचं सनस्क्रीन, मच्छर पळवायचं मलम त्याच्या कातडीतून थेट आत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दगड. पठारावरच्या सुट्या दगडाखाली एक छोटं घरच असतं. बाहेर रणरणतं ऊन आणि खाली थंडावा, थोडी ओल. तिथे विंचू असतात, पाली असतात, पालींची अंडी असतात. २००८ साली जगासमोर आलेली एक पाल तर साताऱ्याच्याच नावाने ओळखली जाते. आणि तिथे फुरसंही असतं! हात-दीड हात लांबीचा, खवले घासून खरखर आवाज काढणारा हा साप अतिशय विषारी. म्हणून नवख्यांनी दगड उचलूच नये. दुसरं कारण त्या प्राण्यांचं. दगड होता तसाच्या तसा परत बसला नाही की फट बदलते, ओल उडते आणि ते घर मोडतं. दगडांचे मनोरे रचून फोटो काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पायात घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, हातात काठी, भरपूर पाणी, आणि एकट्याने जायचं नाही. चुकून साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो भाग हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर चालणारी लस एकच असते. त्यामुळे साप पकडून दाखवायला नेण्याची गरज नाही. तसंही साप पकडणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरोधात जातं.

एक गंमत करून बघा. सरडा दिसला की हळूहळू सरळ त्याच्या दिशेने चाला आणि तो किती पावलांवर पळतो ते मोजा. एकदाच हं, त्याला पुन्हा पुन्हा पळवू नका. शास्त्रज्ञ हेच मोजतात. चाळकेवाडीलाच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी असं मोजलं आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. सरड्यांना खाणारेच घटले, म्हणून सरडे वाढले. ते निर्धास्तही झाले, माणूस बराच जवळ आला तरी पळेनात. वाटेल, मग चांगलंच झालं की! पण खाणारी तोंडं वाढल्यावर वाट्याला येणारं कमी झालं असावं. तिथले सरडे अंगाने बारीक होते आणि नरांच्या पंख्याचा रंगही फिका होता.

म्हणजे बघा, पातं फिरतं वर आकाशात आणि रंग उडतो खाली दगडावरच्या सरड्याचा. पवनचक्क्या वाईट, असं म्हणायचं नाही. वीज आपल्याला हवीच आहे. मुद्दा असा की ‘पडीक जमीन आहे, काहीही उभारा’ हे म्हणताना त्या पडीक जमिनीवर कोण नांदतंय, हे आधी बघायला हवं. आणि ते बघायची वेळ पावसाळ्याइतकीच चैत्राचीही आहे.

तुमच्या गावच्या सड्यावर, माळावर या दिवसांत काय दिसतं ते नक्की कळवा. फोटो पाठवलात तर नेमकी जागा मात्र जाहीर लिहू नका. चोरून प्राणी पकडणारेही वाचत असतात. भेटू पुढच्या भागात!